परचुऱ्यांचं आकाश

ज्या माणसाचं पोट विमानांवर चालत होतं, त्या माणसाइतक्या शिव्या विमानांना अख्ख्या लखनऊत दुसऱ्या कुणी दिल्या नसतील. त्या शिव्यांत लखनवी अदब नव्हती. त्या वाईच्या गल्लीबोळांत मुरलेल्या होत्या, आणि त्यांतली सर्वांत सौम्य शिवी 'उडते कोळशाचे बंब' ही असल्यामुळे बाकीच्या इथे न लिहिणंच बरं.

नाना परचुरे अमौसीच्या विमानतळावर हवामान कचेरीत होते. वैमानिकाला पुढचं आकाश कसं आहे ते सांगायचं, ढग किती उंचीवर, वारा कुठला, धुकं केव्हा, हे त्यांचं काम. म्हणजे ज्या वाटसरूंचं तोंड पाहू नये असं त्यांना वाटे, त्यांनाच रोज सकाळी वाट दाखवायची. मी एकदा धीर करून त्यांना या विसंगतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "प्राध्यापकबाई, सावकाराच्या पेढीवरच्या कारकुनाला व्याज वाईट आहे हे इतरांपेक्षा चांगलं कळतं."

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी मुलींच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायला लखनऊला आले आणि तेलीबागेतल्या एका घराच्या गच्चीवरची खोली मला मिळाली. खाली घरमालक मिर्झासाहेब, मधल्या मजल्यावर परचुरे पतिपत्नी, आणि वर मी. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वाक्यांतले दोष दाखवत आले. स्वतःची वाक्यं लिहायला निवृत्तीनंतर बसले आहे. तेव्हा नानांचं चित्र नीट उतरलं नाही तर तो दोष त्यांचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. माझ्या बाजूने एकच गोष्ट आहे. ती गच्ची माझ्या दाराबाहेर होती, आणि नानांचं खरं आयुष्य त्या गच्चीवरच घडत असे.

नाना किरकोळ अंगाचे, आणि मान कायम मागे झुकलेली. रस्त्यानेही वर पाहत चालत, त्यामुळे तेलीबागच्या बाजारात त्यांची टक्कर झाली नाही असा सायकलवाला उरला नव्हता. भाजीवाले त्यांना 'मौसम साहब' म्हणत आणि घरातल्या लग्नाची तारीख ठरवण्यापूर्वी पंडितजींनंतर त्यांना विचारत. पण नानांकडून हो किंवा नाही काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. कचेरीची भाषा त्यांच्या हाडांत गेली होती. पाऊस पडेल असं ते कधीही म्हणाले नाहीत. पावसाची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणाले. मालतीवहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, जेवताना आणखी एक पोळी वाढू का विचारीत, तेव्हाही तेच उत्तर येई. वहिनींनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच त्याचा अर्थ 'हो' असा लावून टाकला होता आणि नानांनी त्याला आयुष्यात हरकत घेतली नाही.

एका विषयावर मात्र त्यांना शक्यता वगैरे शब्द आठवत नसत. दिल्लीहून पूर्वेकडे जाणारी मोठी जेट विमानं आमच्या डोक्यावरून जात, आणि त्यांच्या मागे निळ्या आकाशात पांढरी रेघ उमटे. गल्लीतली माणसं ती कौतुकाने पाहत. नाना ती पाहून दात-ओठ खात. मिर्झासाहेब पतंगबाज होते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, जमघटाला, साऱ्या तेलीबागेचे पतंग कापून ते संध्याकाळी सर्वांना चहाला बोलवीत. एकदा रेघेकडे बोट करून ते म्हणाले, "अमाँ परचुरे साहब, यह किसका माँझा है जो कटता ही नहीं?"

नानांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी मिर्झासाहेबांना तिथेच पाणी भरायच्या टाकीवर बसवून सगळं शास्त्र समजावलं. विमानाच्या धुरात वाफ असते. वर इतकी थंडी की ती तत्काळ गोठते, आणि तिचा बर्फकणांचा ढग होतो. वरची हवा कोरडी असली तर रेघ लगेच विरते. ओलसर असली तर टिकते, फुगते, पसरते, आणि तासा-दोन तासांत आकाशावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरते. दिवसा तो ऊन अडवतो आणि रात्री गोधडीसारखी जमिनीची ऊब कोंडून धरतो.

"और यह तो वह है जो दिखता है," नाना म्हणाले. "असली मुजरिम दिखता नहीं." धुरातला जो वायू दिसत नाही तो रेघेसारखा विरत नाही, तो साठत जातो, आणि पृथ्वीला घातलेली ती दुसरी गोधडी आपल्या पणतवंडांनाही काढता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिर्झासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत आदराने विचारलं, की एवढ्या मोठ्या आसमानात दिवसाकाठी दोन-चार जहाजं गेली तर असं काय बिघडतं? नाना म्हणाले, लखनऊत पहिली मोटार आली तेव्हा एक्केवाल्यांनीही हेच विचारलं असेल. आता चारबाग स्टेशनासमोर रस्ता ओलांडून दाखवा.

हे सगळं आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तेव्हा ते बोलणारा माणूस लोकांना थोडा चक्रम वाटे. नानांनी त्यात स्वतःची भर घातली ती अशी, की विमानात पाऊल टाकणार नाही हे त्यांनी जाहीर करून टाकलं. हुद्द्याप्रमाणे त्यांना कचेरीच्या कामासाठी विमानाने जाता येई. एका जानेवारीत दिल्लीला बैठक होती. वरिष्ठांनी दोघांची तिकिटं काढली. नानांनी आपलं परत केलं आणि आदल्या दिवशीच चारबागहून गाडी पकडली. जाण्यापूर्वी त्यांनी अंदाज लिहून ठेवला, की उद्या दाट धुक्याची शक्यता नाकारता येत नाही. दुसऱ्या दिवशी धुकं असं पडलं की विमानाला स्वतःचे पंख दिसेनात. वरिष्ठ दिल्लीत पोहोचले तेव्हा बैठक संपून समोसेही संपले होते, आणि दोघांच्या वतीने नाना बोलून मोकळे झाले होते. आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं साहेबांनी कडाडून विचारलं. नाना म्हणाले, "लेखी कळवलं होतं, साहेब. तुमच्याच सहीने पुढे गेलंय." आपल्या कचेरीच्या अंदाजावर विश्वास ठेवणारा त्या कचेरीतला एकमेव माणूस, अशी त्यांची ख्याती त्या दिवसापासून झाली.

आता कुरडयांकडे येते. मालतीवहिनी फाल्गुन संपता संपता गच्चीवर बाजा टाकून कुरडया घालीत. लखनऊचं ऊन त्या कामाला उत्तम. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्याने सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळपर्यंत खडखडीत होत. कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं, कारण पुस्तक वाचत बसून करता येण्यासारखं घरकाम तेवढंच आहे असं वहिनींचं मत होतं. एका वर्षी लागोपाठच्या दोन दिवसांत दोन घाणे घातले गेले. पहिल्या दिवशी आकाश लख्ख होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन रेघा आल्या, पसरल्या, आणि दुपारपर्यंत ऊन ताकासारखं पातळ झालं. दुसऱ्या दिवसाच्या कुरडया आतून ओलसर राहिल्या. नाना बाजेभोवती असे फिरू लागले की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी पुत्रजन्म झाला आहे.

पुरावा सापडला होता. नानांनी दोन्ही दिवसांच्या कुरडया वेगवेगळ्या डब्यांत भरल्या, डब्यांना हात लावण्याची वहिनींनाही बंदी केली, आणि भाद्रपदाची वाट पाहिली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक व्याख्यान असे. मंडळात फौजेतली आणि हवाई दलातली कुटुंबं, संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ आणि मी. अध्यक्ष कर्नल शितोळे. नानांनी विषय दिला: 'विमाने आणि बदलते हवामान'. हवाई दलातल्या मंडळींसमोर हा विषय घेणं म्हणजे खाटकांच्या सभेत शाकाहारावर बोलणं, असं वहिनींनी आधीच बजावलं होतं. तरी त्यांनी दोन्ही डब्यांतल्या कुरडया तळून दोन ताटांत मांडून दिल्या. लख्ख दिवसाच्या कुरडया कशा फुलतात आणि रेघेच्या दिवसाच्या कशा गच्च राहतात, ते सभेला डोळ्यांनी पाहता येणार होतं.

आरती लांबली होती. मुलं भुकेली होती आणि मोठी माणसं त्याहून भुकेली. नानांनी फळ्यावर आधी विमान काढलं, मग त्याच्या मागे रेघ, मग रेघेचा ढग, मग सूर्य. सूर्याला किरण काढत असताना त्यांच्या पाठीमागे काय चाललं आहे ते मला दिसत होतं. पण सभेत उठून बोलायचं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. नाना वळले आणि "आता हे पाहा" असं म्हणून त्यांनी ताटांकडे हात केला. ताटांत थोडा चुरा होता.

कर्नल शितोळ्यांनी रुमालाने मिशा पुसल्या आणि अध्यक्ष या नात्याने निर्णय दिला.

"परचुरे, दोन्ही चांगल्या होत्या."

त्यानंतर वर्षभर मंडळात कुणी कुणाला भेटलं की आकाशाकडे पाहून 'कुरडई फुलेल ना?' असं विचारायची पद्धत पडली. नानांना ते लागलं असावं, पण दाखवत नसत. ते म्हणत, शास्त्राचा पुरावा लोकांनी पचवला यापेक्षा मान्यता ती कोणती.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग उषाचा फोन आला.

उषा त्यांची एकुलती एक मुलगी. लखनऊत वाढलेली, मराठी सगळी कळणारी आणि उत्तर मात्र हिंदीत देणारी. जावई इंजिनिअर, कंपनीने त्याला जपानला पाठवलं होतं. फोन मिर्झासाहेबांकडे होता. परदेशाहून फोन आहे हे कळल्यावर नाना, वहिनी आणि मी तिघंही त्यांच्या दिवाणखान्यात धावलो. उषाला दिवस गेले होते हे आम्हाला ठाऊक होतं. आता डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची मनाई केली होती, आणि बाळंतपण होईपर्यंत ती उठणार नव्हती. नवरा दिवसभर कामावर, शेजाऱ्यांची भाषा कळेना. वहिनींच्या हातातला फोन खरखरत होता, तरी तिचं शेवटचं वाक्य आम्हाला सर्वांना ऐकू आलं. "आई, तू आ जा ना."

वहिनींनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी छताकडे पाहिलं. मिर्झासाहेबांनी सभ्यपणे आम्हा सर्वांसाठी सरबत मागवलं.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी जहाजांची चौकशी सुरू केली. कलकत्त्याहून कुठली बोट निघते, कुठे थांबते, पुढे दुसरी कुठली मिळते. ही चौकशी त्यांनी पूर्ण गांभीर्याने केली आणि जेवताना तिचा निष्कर्ष सांगितला. बोटीने जाता येईल. मात्र वहिनी पोहोचतील तेव्हा बाळ बसायला लागलेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होते. वहिनींनी वाढायचं थांबवलं.

"तुमचं आकाश थांबेल चार महिने," त्या म्हणाल्या. "उषाचं पोट थांबायचं नाही."

"मी जाऊ नको म्हटलेलं नाही."

"मग तुम्हीही चला. बाप आहात."

"मी विमानात बसणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

"तुम्ही बसलात म्हणून ते काही दोनदा उडणार नाही. तसंही जाणारच आहे ते."

नानांनी ताटातला भात बराच वेळ कालवला. "प्रत्येक जण हेच म्हणतो, मालती," ते म्हणाले. "म्हणून तर ते उडतं."

वहिनींनी यावर वाद घालण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी डिंक, अळीव आणि खारका आणायला मला अमीनाबादला पाठवलं.

तयारी सुरू झाली आणि नाना विचित्र वागू लागले. विमानांवरचं त्यांचं मत तसूभर हललं नाही. पण वहिनींच्या विमानाची त्यांनी जी चौकशी केली ती पाहता जणू ते विमान त्यांनीच बांधलं होतं. कानांत दडे बसले तर काय करायचं, पट्टा कसा बांधायचा, हादरे का बसतात, ते कुठल्या ढगात बसतात. ज्यात कधी पाऊल टाकलं नाही त्या वाहनाविषयी त्यांना इतकं ठाऊक असावं, याचं वहिनींना हसू येई. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथे कर्नलसाहेबांच्या बहिणीकडे मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी सकाळचं विमान, असं ठरलं.

चारबागला त्यांना पोचवायला आम्ही दोघं गेलो. हमालाने डब्यात सामान लावलं. लाडवांच्या डब्याचं वजन पाहून त्याने "माताजी, इसमें लोहा है क्या" असं विचारून घेतलं. गाडी सुटायच्या आधी वहिनींनी खिडकीतून नानांना जवळ बोलावलं.

"माझं विमान आपल्या घरावरूनच जाणार ना?"

"जवळपास. बाजूने जाईल."

"मग एक करा. माझं तांबडं इरकली लुगडं पेटीत वरच आहे. ते गच्चीवर पसरून ठेवा. म्हणजे वरून मला घर ओळखू येईल."

मी नानांकडे पाहिलं. आकाशाबद्दल कुणी चुकीचं बोललं तर स्मशानातही दुरुस्त करणारा हा माणूस. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून एक लुगडं दिसणं कसं अशक्य आहे, हे आता फलाटावर सोदाहरण ऐकायला मिळणार, म्हणून मी सामानाच्या बाजूला सरकले.

नाना म्हणाले, "नऊवारी आहे ते बरं. क्षेत्रफळ जास्त."

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना रजा घेऊन गच्चीवर आले. लुगडं उलगडून त्यांनी पूर्व-पश्चिम पसरलं आणि काठांवर विटा ठेवल्या. मिर्झासाहेब वर आले. पतंगासाठी वारा पारखणारी त्यांची नजर. एक कोपरा उडेल असं सांगून त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे कुंडी आणून ठेवली. ठरलेल्या वेळेच्या सुमारास पश्चिमेकडून रेघ आली. पुढे चांदीचा एक कण, मागे पांढरा धागा, आणि त्याच्याही मागे, उशिरा, आवाज. नाना ताठ उभे राहिले. हात हलवावा की नाही असं त्यांना झालं असावं, कारण हात खांद्यापर्यंत जाऊन डोकं खाजवून खाली आला. मिर्झासाहेबांनी मात्र मोकळेपणाने सलाम केला. रेघ आमच्या उत्तरेकडून गेली, टिकली, फुगायला लागली. नानांनी तिला एकही शिवी दिली नाही. "हिचीच," एवढंच म्हणाले. "बघा ना, जायचं नाव नाही."

मग त्यांनी लुगड्याची घडी केली आणि खाली गेले.

दुपारच्या जेवणाच्या सुमारास मिर्झासाहेबांचा फोन वाजला. दिल्लीहून कर्नलसाहेबांच्या बहिणीचा होता. विमानात काही दुरुस्ती निघाली होती. वहिनी अजून विमानतळावरच होत्या, इतका वेळ आपल्या सामानावर बसून त्यांनी दोन लाडू शेजारच्या जपानी बाईंना खायला घातले होते, आणि विमान आता निघतं आहे. तेव्हा सकाळी आम्ही ज्या रेघेला उभं राहून मान दिला ती कुणा परक्यांची होती. मिर्झासाहेब म्हणाले, सलाम वाया जात नसतो, ज्याला पोहोचायचा त्याला पोहोचला.

तासाभराने मी कॉलेजला जायला निघाले. खोलीला कुलूप लावायला वर गेले, तर नाना पुन्हा गच्चीवर होते. या वेळी एकटेच. लुगडं पुन्हा पसरलेलं होतं, कुंडी आणि विटा जिथल्या तिथे. त्यांना माझी चाहूल लागली नाही. मी वर पाहिलं. सकाळची ती रेघ आणि तिच्यानंतर आलेल्या दोन-तीन रेघा पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या. सारं आकाश पांढुरकं, सायीने झाकलेलं. सूर्य कुठे आहे ते कळत होतं, इतकंच. थोड्या वेळाने त्या पांढऱ्याच्या मागून एक लांबचा घरघराट ऐकू आला, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेला आणि थांबला. कण दिसला नाही, धागा दिसला नाही.

इतकी वर्षं जे ओरडून सांगितलं, जे कुरडया तळून सिद्ध करता आलं नव्हतं, ते त्यांच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सिद्ध होऊन पसरलं होतं. खाली मिर्झासाहेब होते, शेजारी फौजेतलं एक कुटुंब होतं, मी तर तिथेच होते. नानांनी कुणालाही हाक मारली नाही. ते बाजेवर बसले आणि आवाज गेला त्या दिशेला पाहत राहिले. लुगडं मी संध्याकाळी परत आले तेव्हाही तिथेच होतं.

उषाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. वहिनी चार महिन्यांनी परतल्या त्याच सुमारास मला नागपूरला नोकरी मिळाली. मला निरोप द्यायला दोघं चारबागला आली होती. गाडी लागली, मी खिडकीशी बसले. वहिनी खिडकीच्या गजांतून जपानविषयी न थांबता बोलत होत्या, आणि मध्येच त्यांना आठवलं.

"अगं, तुला सांगायचं राहिलंच. वरून लुगडं दिसलं हो मला. खाली सगळं पांढरं पांढरं होतं, आणि त्यात एवढासा तांबडा ठिपका. मी त्या हवाईसुंदरीला दाखवला सुद्धा." मग त्या नानांकडे वळल्या. "तुम्ही अंथरलं होतंत ना?"

"दोनदा," नाना म्हणाले.

"दोनदा कशाला? दिसलं ना मला पहिल्यांदाच."

सायीच्या वरून सायीच्या खालचं लुगडं. माझ्यासारख्या संस्कृतवालीलाही त्यातलं अशक्य कळत होतं. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर पुन्हा नीट बसवला.

"शक्यता," ते म्हणाले, "नाकारता येत नाही."

गाडी हलली. वहिनी बोलत बोलत चार पावलं गाडीबरोबर चालल्या. नाना जागेवरच उभे होते, मान मागे टाकून, वर पाहत. वर फलाटाचं छप्पर होतं. तिथून आकाश अजिबात दिसत नव्हतं.